पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी: गुगलवर न दिसणारी केस फॉर्ममध्ये लिहायची का?

मागच्या पावसाळ्यात रात्री साडेअकराला मावसभावाचा फोन आला. पोलीस शिपाई भरतीच्या निवड यादीत त्याचं नाव लागलं होतं. सोळाशे मीटर, गोळाफेक, लेखी, सगळं पार. घरी पेढे वाटून झाले होते. हा मात्र गच्चीवर जाऊन हळू आवाजात विचारत होता, "दादा, तू कॉम्प्युटरवाला ना, मग एक सांग. माझं नाव गुगलवर टाकलं तर ती दहीहंडीची केस कुठेच दिसत नाही. म्हणजे पोलिसांच्या सिस्टीममध्येही नसेल ना?"

केस अशी. तो १९ वर्षांचा असताना दोन मंडळांत हाणामारी झाली, अकरा जणांवर गुन्हा दाखल झाला, त्यात हाही. पुढे कोर्टात साक्षीदारांनी कोणाला ओळखलंच नाही आणि सगळे निर्दोष सुटले. आता हातात साक्षांकन नमुना होता. त्यात प्रश्न होता, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का? मित्रांचा सल्ला एकमुखी: "नाही लिही, कोण बघतंय."

मी सॉफ्टवेअरवाला आहे, वकील नाही. पण पुढचे तीन दिवस मी फॉर्म, निकाल आणि पोर्टलं चाळण्यात घालवले. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय, कारण हा प्रश्न दर भरतीला हजारो घरांत विचारला जात असणार.

यादीत नाव म्हणजे नेमणूक नाही

अलीकडच्या भरतीत मैदानी चाचणीला ५० आणि लेखीला १०० गुण असतात. त्यावरून यादी लागते, मग कागदपत्रं, वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी. सरकारी भाषेत तिला "चारित्र्य व पूर्वचारित्र्य पडताळणी" म्हणतात. ती होईपर्यंत तुम्ही फक्त निवड झालेले उमेदवार असता.

साक्षांकन नमुन्यात तुमच्या आधीच्या वर्षांतले पत्ते, शिक्षण, नातेवाईक, ओळखणाऱ्या दोन व्यक्ती असं बरंच काही विचारतात. पण खरा जीव असतो तो अटक, खटला, शिक्षा आणि प्रलंबित प्रकरणं या रकान्यांत. माहिती खोटी दिली किंवा लपवली तर अपात्र ठराल, हा इशारा त्याच कागदावर छापलेला असतो. बहुतेक जण तो वाचत नाहीत. ॲप टाकताना आपण अटी न वाचता "मान्य" दाबतो ना, तीच सवय.

भरलेला नमुना जिल्ह्याच्या विशेष शाखेमार्फत तुम्ही जिथे जिथे राहिलात त्या पोलीस ठाण्यांकडे जातो. तिथला गोपनीयचं काम बघणारा अंमलदार ठाण्याचं रेकॉर्ड तपासतो, घरी येतो, शेजाऱ्यांना विचारतो, गावात असाल तर पोलीस पाटलांशी बोलतो. म्हणजे यातला अर्धा भाग अजूनही पायी चालतो. शिक्षणासाठी पुण्याला किंवा संभाजीनगरला खोली घेऊन राहिला असाल तर तो पत्ताही लिहायचा. "तिथे काय, दोनच वर्षं होतो" म्हणून तो गाळणं हीसुद्धा माहिती गाळणंच आहे.

एक गोंधळ इथेच मिटवतो. ऑनलाइन अर्ज करून आपण स्वतः काढतो ते पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र वेगळं. खासगी कंपनीत किंवा सोसायटीत ते चालतं. भरतीतली पडताळणी नेमणूक करणारं कार्यालय स्वतः करून घेतं आणि तिचा अहवाल थेट त्यांच्याकडे जातो. तुमच्याकडचं प्रमाणपत्र कोरं असलं म्हणून तो अहवाल कोरा येईल असं नाही.

गुगलवर का दिसत नाही?

हा माझ्या धंद्यातला भाग, म्हणून जरा रेंगाळतो.

देशभरातली पोलीस ठाणी सीसीटीएनएस नावाच्या यंत्रणेने जोडलेली आहेत. केंद्राने २००९ मध्ये या प्रकल्पाला मंजुरी दिली. एफआयआर, अटक, दोषारोपपत्र या नोंदी त्यात जातात. जिल्हा बदलला, राज्य बदललं, म्हणून नोंद मागे राहत नाही. ही पोलिसांची आतली यंत्रणा आहे, गुगल तिच्यात डोकावू शकत नाही.

पण लोकांना दिसणारा एक भागही आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने आदेश दिला की एफआयआर नोंदवल्यापासून २४ तासांत तो वेबसाइटवर टाकायचा, आणि नेटवर्कची अडचण असेल तिथे ७२ तासांपर्यंत मुभा. लैंगिक अत्याचार, दहशतवाद अशी संवेदनशील प्रकरणं यातून वगळली आहेत. त्यामुळे महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं, तारीख निवडून प्रसिद्ध झालेले एफआयआर कोणालाही बघता येतात.

दुसरी जागा म्हणजे ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲप. फोनवर फुकट मिळतं. त्यात पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकून किंवा ठाणं आणि एफआयआर क्रमांक टाकून खटला सापडतो. प्रत्येक खटल्याला १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो टाकला की तारखा, कलमं, निकाल समोर येतात. निकाल लागलेला खटलाही त्यात राहतो.

मग गुगलला हे का सापडत नाही? कारण गुगलचा क्रॉलर दुव्यावरून दुव्यावर उड्या मारत पानं गोळा करतो. इथे पान आधीपासून तयार नसतंच. तुम्ही फॉर्म भरता, कॅप्चा टाकता, तेव्हा डेटाबेसमधून ते त्या क्षणी तयार होतं. क्रॉलर कॅप्चा भरत बसत नाही. थोडक्यात, गुगलने तुमची केस शोधली आणि ती सापडली नाही असं झालेलंच नाही. गुगल त्या दारापर्यंत पोहोचलंच नव्हतं.

भावाला मी त्याच रात्री ॲपमध्ये एफआयआर क्रमांक टाकायला लावला. दहा सेकंद शांतता. मग म्हणाला, "आहे रे. माझं नाव सातव्या नंबरला आहे."

नावावरून शोधण्यात मात्र चुका होतात, दोन्ही बाजूंनी. पवारचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी होतं, विठ्ठलचं चार तऱ्हांनी. कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे आडनाव आधी. त्यामुळे तुमची खरी नोंद सुटू शकते, आणि तुमच्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची नोंद तुमच्यासमोर येऊ शकते. आमच्याच तालुक्यात एकाच नावाचे, वडिलांचंही नाव तेच असलेले दोघे मला माहीत आहेत. असं झालं तर घाबरायचं नाही. वय, पत्ता आणि अटकेच्या वेळचे बोटांचे ठसे यावरून फरक दाखवता येतो. ठशांसाठी नाफिस ही राष्ट्रीय यंत्रणा २०२२ पासून चालू आहे. त्याच वर्षीच्या ओळख-विषयक फौजदारी कायद्याने ही मापं ७५ वर्षं जपून ठेवायची तरतूद केली. खटला न चालता सुटलेल्या किंवा निर्दोष ठरलेल्या माणसाला आधी शिक्षा झालेली नसेल, तर कोर्टाने वेगळं सांगितल्याशिवाय त्याची नोंद नष्ट करायची, असंही त्याच कायद्यात आहे. पण लक्षात घ्या, हे ठसे आणि मापांबद्दल आहे. तुमच्या नावाचा एफआयआर त्याने पुसला जात नाही.

लपवणं हा वेगळा गुन्हा

भावाचा युक्तिवाद होता, "मी सुटलोय, मग लिहायचं कशाला?" वाटतं बरोबर. पण फॉर्म "तुम्ही दोषी आहात का" एवढंच विचारत नाही, "कधी गुन्हा दाखल झाला होता का" असंही विचारतो. या प्रश्नाचं खरं उत्तर "हो" आहे. पुढे "निर्दोष, निकालाची तारीख अमुक" लिहायला कोणी अडवलेलं नाही.

या विषयावरचा मोठा निकाल म्हणजे अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार, जुलै २०१६, सुप्रीम कोर्टाचं तीन न्यायमूर्तींचं खंडपीठ. त्याआधी या बाबतीत उलटसुलट निकाल होते. २०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात कोर्टाने, तरुणपणी चुका होतात, जन्मभर शिक्का मारू नका, अशी भूमिका घेतली होती. २०१३ मध्ये दिल्ली पोलिसांच्याच दुसऱ्या प्रकरणात कोर्ट म्हणालं की तडजोड झाल्यामुळे किंवा साक्षीदार फिरल्यामुळे सुटका झाली असेल, तर पोलीस दलाची समिती उमेदवाराला नाकारू शकते.

२०१६ च्या निकालाने याची घडी बसवली. माहिती खरीच द्यायची. लपवलेली गोष्ट किरकोळ असेल, म्हणजे तरुण वयात घोषणा देण्यासारखी, तर नोकरी देणारं कार्यालय ती माफ करू शकतं. गंभीर असेल तर उमेदवारी रद्द किंवा नोकरीतून कमी. फॉर्ममधला प्रश्न मोघम असेल आणि एखादी गोष्ट स्पष्ट विचारलीच नसेल, तर ती लपवली असं म्हणता येत नाही. आणि ज्या नोंदीची उमेदवाराला कल्पनाच नव्हती, ती न लिहिल्याचा दोष त्याच्यावर येत नाही.

यातला कडू भागही सांगतो. सगळं खरं लिहिलं तरी नोकरी मिळेलच, असं कोर्टाने म्हटलेलं नाही. पूर्वचारित्र्य तपासायचा अधिकार कार्यालयाकडे राहतोच, आणि सुटका "संशयाचा फायदा" देऊन झाली की पूर्ण निर्दोष म्हणून, हे ते बघू शकतात. माझं मत विचाराल तर इथे उमेदवारावर अन्याय होऊ शकतो. साक्षीदार फिरला तर त्यात आरोपीचा हात होताच असं कुठे असतं? पण ज्याच्या हातात उद्या काठी आणि वर्दी द्यायची, त्याच्याबद्दल खात्याने जास्त काटेकोर राहणं हेही मला पटतं.

लढून न्याय मिळतो, पण किती वर्षांनी? उत्तर प्रदेशात २००४ च्या भरतीत निवडल्या गेलेल्या एका शिपायाची निवड केस न सांगितल्यावरून रद्द झाली होती. केस किरकोळ होती, त्यात तो निर्दोषही सुटला होता. सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला फेब्रुवारी २०२४ मध्ये.

गावातले गैरसमज

"गावात मिटवलंय" हे मी सगळ्यात जास्त ऐकलं. शंभरच्या स्टॅम्पवर दोघांनी सह्या केल्या म्हणून एफआयआर बंद होत नाही. पोलिसांच्या अंतिम अहवालावर कोर्टाचा आदेश, तडजोडयोग्य कलमात कोर्टासमोर तडजोड, निर्दोष मुक्तता, किंवा हायकोर्टाकडून एफआयआर रद्द, यापैकी काहीतरी कागदावर लागतं. लॉकडाऊनमधल्या कलम १८८ च्या केसचंही तसंच. सरकारने असे खटले मागे घ्यायचा निर्णय २०२२ मध्ये जाहीर केला, पण तुमचा खटला प्रत्यक्षात मागे घेतला गेला का हे ई-कोर्ट्समध्ये बघा. आणि मागे घेतलेला असला तरी "कधी दाखल झाला होता का" याचं उत्तर बदलत नाही.

एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, हा एफआयआर नव्हे. कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तिचा तपासही करू शकत नाहीत. ती लिहायची का, हे तुमच्या फॉर्ममधल्या नेमक्या शब्दांवर ठरतं. म्हणून प्रश्न दोनदा वाचा.

अठराच्या आतल्या प्रकरणांना मात्र खरं संरक्षण आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम २४ नुसार त्या वयातल्या दोषसिद्धीमुळे पुढे अपात्रता येत नाही. अपवाद १६ ते १८ वयोगटातल्या अतिगंभीर गुन्ह्यांचा, जिथे मुलावर प्रौढ म्हणून खटला चालतो.

आणि फोन. तलवारीने केक कापल्याची रील टाकली की शस्त्र कायदा आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली गुन्हे नोंदवले गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. दोन समाजांत तेढ वाढवणारं स्टेटस ठेवलं तरी गुन्हा होतो. स्टेटस २४ तासांनी जातं, त्याच्या स्क्रीनशॉटवर नोंदवलेला एफआयआर जात नाही. भरतीच्या तोंडावर जुन्या पोस्ट पुसत बसणारे मित्र मी पाहिलेत. त्या वेळात साक्षांकन नमुना नीट वाचला असता तर बरं झालं असतं.

अजून एक: यादी लागली की "पडताळणी क्लिअर करून देतो, एवढे पाठवा" असे फोन सुरू होतात. नाव, चेस्ट नंबर, सगळं बरोबर सांगतात, कारण ते जाहीर यादीतच असतं. पैसे पाठवले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

भावाने शेवटी "होय" लिहिलं. रकान्यात जागा पुरेना म्हणून वेगळा कागद जोडला: ठाणं, एफआयआर क्रमांक, कलमं, खटला क्रमांक, निकालाची तारीख. सोबत कोर्टाच्या नक्कल विभागातून काढलेली निकालाची प्रमाणित प्रत. ती मिळायला अकरा दिवस गेले, म्हणून तुम्हीही यादी लागायची वाट न बघता आधीच काढून ठेवा. त्याच्या यादीतली मुलं प्रशिक्षणाला गेली, तो मागे राहिला. मावशी रोज मला फोन करायची, तुझ्या सांगण्यावरून लिहिलं म्हणून, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. साडेतीन महिन्यांनी पत्र आलं. आता तो पुढच्या तुकडीत आहे, आणि रविवारी फोन हातात मिळाला की आधी मावशीला लावतो, मग मला.