संगमावरचे पूर

नदीकाठच्या वस्तीचा इतिहास हा नदीच्या कृपेचा, तसाच तिच्या कोपाचाही इतिहास असतो. पांढुर्णा-सौसर परिसराला हे नव्याने सांगावयास नको. पांढुर्ण्याची जाम कन्हानला मिळते. कन्हान सातपुडा उतरून नागपूरच्या मैदानात येते, पेंचचे पाणी घेते आणि अंभोऱ्यास वैनगंगेत विलीन होते. पश्चिमेस वर्धा वाहते. डोंगरावर पडलेला पाऊस अशा रीतीने विदर्भाचा पूर होतो.

30 जुलै 1991 रोजी वर्धेच्या महापुराने नरखेड तालुक्यातील मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेहून अधिक माणसे प्राणास मुकली. तो एकाच नदीचा अकस्मात कोप होता. ऑगस्ट 2020 अखेरचा पूर मात्र निराळ्या जातीचा ठरला.

छिंदवाडा जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. माचागोरा धरणातून पेंचमध्ये पाणी सोडावे लागले. पाठोपाठ खालच्या तोतलाडोहचेही दरवाजे उघडले. कन्हान दुथडी भरून वाहू लागली. वैनगंगेत वरून संजय सरोवराचे पाणी येतच होते. गोसीखुर्दचे सर्व 33 दरवाजे उघडण्यात आले. भंडारा शहरात पाणी शिरले आणि पुढे ब्रह्मपुरी, गडचिरोलीकडील गावांनी तर फारसा पाऊस नसताना पूर पाहिला.

यांतील एकेक पाणी कदाचित सोसले असते. एकत्र आल्याने ते अनर्थकारी झाले. मुख्य नदी तुडुंब असली की उपनदीचे पाणी सामावत नाही, ते मागे फुगते आणि काठावरच्या सखल वस्तीत पसरते. नद्यांच्या मुखाशी हेच काम समुद्राची भरती करते. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि भरतीमुळे मिठी नदीला वाट मिळेना. गंगेच्या मुखाकडील सखल प्रदेशावरही पाऊस, नदी आणि समुद्र यांचे असे एकत्रित संकट असते. सातपुड्याच्या पायथ्याशी समुद्र नाही. परंतु भरलेली वैनगंगा कन्हानपुढे त्या भरतीसारखीच उभी राहते.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत सौसर मध्य प्रदेशात राहिले, नागपूर मुंबई राज्यात गेले. नद्यांनी मात्र ती सीमा मानली नाही. पाऊस एका राज्यात, पूर दुसऱ्यात, अशी ही स्थिती आहे. म्हणून एका धरणाची पातळी किंवा एका गावचा पाऊस पाहून भागत नाही. साऱ्या खोऱ्याचा हिशेब एकत्र मांडावा लागतो. वरच्या अंगाच्या पावसाची वार्ता पाण्याआधी खाली पोहोचणे, हीच काठावरच्या माणसाची खरी तटबंदी होय.