डबल हेलिक्स, द

डीऑक्सिरिबोन्यूक्लिइक अम्लाच्या (डीएनएच्या) रेणूची संरचना कशी उलगडली याची हकिगत सांगणारा, जेम्स ड्यूई वॉटसन (१९२८–२०२५) या अमेरिकन जीववैज्ञानिकांचा आत्मकथनपर ग्रंथ. प्रथम प्रकाशन १९६८. एखाद्या मूलभूत शोधाची हकिगत प्रत्यक्ष शोधकर्त्याने सामान्य वाचकांसाठी, कादंबरीसारख्या वेधक शैलीत सांगितल्याचे हे विसाव्या शतकातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. वैज्ञानिक संशोधनातील स्पर्धा, घाई, हेवेदावे व योगायोग यांचे उघड चित्रण त्यात असल्यामुळे लोकप्रिय विज्ञानवाङ्मयाला या ग्रंथाने नवे वळण दिले. त्याचबरोबर रोझलिंड फ्रँक्लिन (१९२०–५८) या स्फटिकवैज्ञानिकेचे त्यातील चित्रण व तिच्या कार्याचे श्रेय यांवरून जो वाद उद्भवला, त्यातून एका शोधाच्या इतिहासावर अनेक ग्रंथ निर्माण झाले.

पूर्वपरंपरा : वैज्ञानिकांविषयीचे लोकप्रिय ग्रंथ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बहुधा चरित्रगौरवाच्या स्वरूपाचे असत. पॉल द क्रुइफ या अमेरिकन लेखकाचा मायक्रोब हंटर्स (१९२६) आणि ईव्ह क्यूरी यांनी आपल्या आईचे लिहिलेले मादाम क्यूरी (१९३७) हे चरित्र ही त्यांची ठळक उदाहरणे. या ग्रंथांनी अनेक तरुणांना विज्ञानाकडे आकृष्ट केले. तथापि त्यांतील वैज्ञानिक हे एकनिष्ठ, निःस्वार्थी व बहुतांशी एकाकी असे वीरपुरुष अथवा तपस्वी होते. द क्रुइफ यांनी नाट्यमयतेसाठी घटनांना दिलेला रंग सर्वांनाच मानवला नाही. १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात दाखवून देणारे सर रोनाल्ड रॉस यांनी आपल्यावरील प्रकरणाला आक्षेप घेऊन अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला आणि ग्रंथाच्या ब्रिटिश आवृत्तीतून ते प्रकरण वगळावे लागले. लोकप्रिय ग्रंथाने जिवंत माणसांविषयी किती व कसे लिहावे हा प्रश्न अशा रीतीने वॉटसन यांच्यापूर्वीच उपस्थित झालेला होता.

डीएनएच्या शोधाशी लोकप्रिय ग्रंथाचा संबंध आणखी एका प्रकारे येतो. क्वांटम यामिकीचे एक प्रवर्तक एर्व्हिन श्रोडिंजर यांनी १९४३ मध्ये डब्लिन येथे दिलेली व्याख्याने व्हॉट इज लाइफ? (१९४४) या छोटेखानी पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. आनुवंशिक गुणधर्म वाहून नेणारा पदार्थ हा अनावर्ती स्फटिकासारखा असावा आणि त्याच्या मांडणीत जणू सांकेतिक लिपी असावी, अशी कल्पना त्यांनी मांडली. पुस्तकातील काही विधाने पुढे टिकली नाहीत. परंतु वॉटसन, फ्रान्सिस क्रिक (१९१६–२००४) आणि मॉरिस विल्किन्स (१९१६–२००४) या तिघांनीही आपल्यावर या पुस्तकाचा प्रभाव पडल्याचे नमूद केले आहे.

शोधाची पार्श्वभूमी : आनुवंशिकतेचा वाहक प्रथिन नसून डीएनए आहे, असा सबळ पुरावा ऑझ्वल्ड एव्हरी व त्यांचे सहकारी यांनी १९४४ मध्ये सादर केला होता. कोणत्याही डीएनएमध्ये ॲडेनीन व थायमीन, तसेच ग्वानीन व सायटोसीन या क्षारकांचे प्रमाण जवळजवळ सारखे असते, असे एर्व्हिन चारगाफ यांना आढळले होते. मात्र रेणूची त्रिमितीय रचना अज्ञात होती [→ न्यूक्लिइक अम्ले]. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये विल्किन्स हे क्ष-किरण विवर्तनाच्या पद्धतीने डीएनएचा अभ्यास करीत होते. जानेवारी १९५१ मध्ये फ्रँक्लिन तेथे रुजू झाल्या. डीएनएच्या कामाची जबाबदारी दोघांत कशी विभागलेली आहे याविषयी त्यांची समजूत भिन्न करून देण्यात आली होती. त्यातून निर्माण झालेला दुरावा अखेरपर्यंत मिटला नाही. सभोवतालच्या आर्द्रतेनुसार डीएनएची ‘ए’ व ‘बी’ अशी दोन रूपे होतात, हे फ्रँक्लिन आणि त्यांचे विद्यार्थी रेमंड गॉस्लिंग यांनी स्पष्ट केले. मे १९५२ मध्ये त्यांनी ‘बी’ रूपाचे अत्यंत सुस्पष्ट असे विवर्तन-छायाचित्र मिळविले. हेच पुढे ‘छायाचित्र ५१’ म्हणून प्रसिद्धी पावले.

केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत वॉटसन १९५१ च्या शरद ऋतूत दाखल झाले आणि तेथे त्यांची क्रिक यांच्याशी गाठ पडली. तीन शृंखलांची त्यांची पहिली प्रतिकृती साफ चुकली व प्रयोगशाळेचे प्रमुख सर लॉरेन्स ब्रॅग यांनी त्यांना हे काम थांबविण्यास सांगितले. १९५३ च्या आरंभी लायनस पॉलिंग यांनीही एक सदोष त्रिशृंखल रचना मांडली, तेव्हा त्यांच्याशी असलेल्या स्पर्धेमुळे काम पुन्हा सुरू झाले. जानेवारी १९५३ च्या अखेरीस विल्किन्स यांनी छायाचित्र ५१ वॉटसन यांना दाखविले. फ्रँक्लिन किंग्ज कॉलेज सोडून जाणार असल्याने ते गॉस्लिंग यांच्यामार्फत विल्किन्स यांच्याकडे आले होते. त्यानंतर किंग्ज कॉलेजमधील गटाने ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाच्या समितीसाठी डिसेंबर १९५२ मध्ये तयार केलेला अहवाल, समितीचे सदस्य मॅक्स पेरुट्झ यांच्याकडून केंब्रिजच्या गटाला पाहावयास मिळाला. त्यातील फ्रँक्लिन यांच्या मोजमापांवरून व स्फटिक-सममितीवरून दोन शृंखला परस्परविरुद्ध दिशांनी जात असाव्यात, हे क्रिक यांच्या ध्यानात आले. क्षारकांची पाठ्यपुस्तकांतील रूपे चुकीची आहेत, हे जेरी डॉनह्यू यांनी निदर्शनास आणल्यावर २८ फेब्रुवारी १९५३ रोजी वॉटसन यांना ॲडेनीन–थायमीन व ग्वानीन–सायटोसीन या जोड्या जुळविता आल्या. चारगाफ यांनी आढळविलेल्या प्रमाणांचा अर्थही त्यामुळे आपोआप लागला. २५ एप्रिल १९५३ च्या नेचर या नियतकालिकात वॉटसन व क्रिक, विल्किन्स व सहकारी आणि फ्रँक्लिन व गॉस्लिंग असे तीन निबंध एकत्र प्रसिद्ध झाले. फ्रँक्लिन यांचे १९५८ मध्ये कर्करोगाने, वयाच्या ३७ व्या वर्षी निधन झाले. १९६२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक क्रिक, वॉटसन व विल्किन्स यांना विभागून देण्यात आले.

ग्रंथाचे स्वरूप : ग्रंथाची प्रकरणे लहान असून निवेदन कालक्रमाने पुढे सरकते. क्रिक यांच्या स्वभावावरील एका तिरकस शेऱ्याने त्याची सुरुवात होते. चाळिशीच्या उंबरठ्यावरील प्राध्यापकाने मागे वळून केलेले मूल्यमापन असे त्याचे स्वरूप नाही. तेविशी-चोविशीतील एका महत्त्वाकांक्षी, काहीशा उद्धट तरुणाला त्या त्या वेळी जसे वाटले तसे सांगण्याचा लेखकाचा प्रयत्न आहे. टेनिसचे सामने, मेजवान्या, थंड खोल्या, शिष्यवृत्तीची चिंता आणि पॉलिंग आपल्या पुढे जातील ही धास्ती यांच्या गर्दीतच क्षारक, शृंखला व विवर्तनचित्रे यांची चर्चा येते. त्यामुळे रसायनशास्त्राची फारशी माहिती नसलेला वाचकही कोडे सुटण्याच्या उत्कंठेत सहभागी होतो. चुकीच्या वाटा व फसलेल्या प्रतिकृती यांचे वर्णन लेखकाने टाळलेले नाही. शोधनिबंधात केवळ निष्कर्षाची सुसंगत मांडणी असते, तेथवर पोहोचण्याची धडपड त्यात दिसत नाही. ही उणीव या ग्रंथाने भरून काढली.

प्रकाशनाचा वाद : हस्तलिखित प्रथम ऑनेस्ट जिम या शीर्षकाने संबंधितांकडे फिरले. क्रिक व विल्किन्स यांनी त्याला तीव्र विरोध केला. खाजगी आयुष्यात हा अक्षम्य हस्तक्षेप आहे व शोधाच्या बौद्धिक बाजूची त्यात उपेक्षा झाली आहे, असे क्रिक यांचे म्हणणे होते. या विरोधामुळे हार्व्हर्ड विद्यापीठाने आपल्या मुद्रणसंस्थेला ग्रंथ प्रसिद्ध करू दिला नाही. १९६८ च्या आरंभी अटलांटिक मंथली या मासिकातून तो क्रमशः आला आणि त्याच वर्षी अथेनियम या प्रकाशनसंस्थेने तो पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. स्वतः ब्रॅग यांचे चित्रण काहीसे उपहासात्मक असूनही त्यांनी प्रस्तावना लिहिली. परीक्षणांतही मतभेद दिसून आले. पीटर मेडावर यांनी ग्रंथाचा पुरस्कार केला. चारगाफ यांनी कडक टीका केली आणि गुंथर स्टेंट यांनी १९८० मध्ये परीक्षणांसह सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत आपली टीका पुनर्मुद्रित करण्यास अनुमती नाकारली.

फ्रँक्लिन यांचे चित्रण : ग्रंथात फ्रँक्लिन या ‘रोझी’ या नावाने वावरतात. त्यांच्या हयातीत त्यांना कोणी या नावाने हाक मारीत नसे. वेशभूषेकडे दुर्लक्ष करणारी, तापट, विल्किन्स यांची दुय्यम सहकारी असूनही त्यांना न जुमानणारी आणि स्वतःच्याच पुराव्याचा अर्थ न उमगलेली अशी ही व्यक्तिरेखा आहे. वास्तविक त्या विल्किन्स यांच्या दुय्यम सहकारी नव्हत्या. उपसंहारात वॉटसन यांनी आपले पूर्वीचे मत एकांगी असल्याचे मान्य करून त्यांच्या संशोधनाची व धैर्याची प्रशंसा केली. परंतु वाचकांच्या मनावर ठसली ती मूळ निवेदनातील ‘रोझी’च.

येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. वॉटसन व क्रिक यांच्या १९५३ च्या निबंधात किंग्ज कॉलेजच्या अप्रकाशित कामाचा उल्लेख अत्यंत मोघम होता. १९५४ मधील विस्तृत निबंधात हे ऋण अधिक स्पष्टपणे मान्य केले गेले, पण तो निबंध तज्ज्ञांपुरताच राहिला. फ्रँक्लिन यांची माहिती त्यांच्या नकळत केंब्रिजला पोहोचली होती, हे सामान्य वाचकाला प्रथम कळले ते द डबल हेलिक्समधूनच. ज्या ग्रंथाने त्यांची प्रतिमा मलिन केली, त्यानेच त्यांच्यावरील अन्यायाचा मुख्य पुरावा लोकांपुढे ठेवला. मनमोकळे निवेदन हे लेखकाच्या हेतूपलीकडे जाऊन इतिहासाचे साधन कसे बनते, याचे हे बोलके उदाहरण होय.

उत्तरकालीन ग्रंथ : फ्रँक्लिन यांचे सहकारी एरन क्लूग यांनी त्यांच्या टिपणवह्यांच्या आधारे १९६८ मध्येच नेचरमध्ये निबंध लिहून त्या उत्तराच्या किती जवळ आल्या होत्या हे दाखविले. १७ मार्च १९५३ या तारखेचा ‘बी’ रूपावरील त्यांचा एक मसुदाही क्लूग यांनी पुढे उजेडात आणला. केंब्रिजच्या प्रतिकृतीचा निबंध किंग्ज कॉलेजला पोहोचण्यापूर्वीचा हा मसुदा आहे. फ्रँक्लिन यांच्या स्नेही ॲन सेअर यांनी रोझलिंड फ्रँक्लिन अँड डीएनए (१९७५) हा ग्रंथ वॉटसन यांना उत्तर म्हणून लिहिला. त्याने स्त्री-वैज्ञानिकांच्या उपेक्षेचा प्रश्न ऐरणीवर आणला. मात्र किंग्ज कॉलेजमधील स्त्रियांच्या स्थितीविषयीची त्यातील काही विधाने अतिरंजित असून तेथील जीवभौतिकी विभागात स्त्री-संशोधक बऱ्याच होत्या, असे नंतरच्या अभ्यासकांनी दाखविले. रॉबर्ट ओल्बी यांचा द पाथ टू द डबल हेलिक्स (१९७४) आणि होरेस जडसन यांचा द एट्थ डे ऑफ क्रिएशन (१९७९) यांनी कागदपत्रे व मुलाखती यांच्या साहाय्याने अधिक व्यापक इतिहास उभा केला. क्रिक यांचे व्हॉट मॅड पर्स्यूट (१९८८) व विल्किन्स यांचे आत्मचरित्र (२००३) यांतून उरलेल्या दोन सहभागी व्यक्तींच्या बाजू पुढे आल्या. ब्रेंडा मॅडॉक्स यांच्या फ्रँक्लिन-चरित्राने (२००२) त्यांचे कोळसा व विषाणू यांवरील संशोधनही वाचकांपुढे आणले आणि ‘रोझी’ व ‘हुतात्मा’ या दोन्ही प्रतिमांतून त्यांची सुटका केली. २०२३ मध्ये मॅथ्यू कॉब व नॅथॅनिएल कम्फर्ट यांनी जुन्या कागदपत्रांच्या आधारे असे प्रतिपादन केले, की छायाचित्र ५१ च्या दर्शनाने रहस्य क्षणात उलगडले ही कथा नाट्यमय असली, तरी अहवालातील मोजमापे अधिक निर्णायक होती व फ्रँक्लिन या शोधातील चौथ्या समान भागीदार होत्या.

मूल्यमापन : साहित्यकृती या दृष्टीने ग्रंथाचे स्थान अबाधित आहे. शैलीचा वेग, पात्रचित्रणाची धार आणि जिज्ञासेचा जिवंतपणा हे त्याचे गुण आजही जाणवतात. संशोधन ही राग, लोभ व अहंता असलेल्या माणसांची कृती आहे, हे त्याने चरित्रगौरवाच्या परंपरेपेक्षा अधिक प्रामाणिकपणे दाखविले. इतिहास या दृष्टीने मात्र तो एका सहभागी व्यक्तीची साक्ष ठरतो. अशी साक्ष मोलाची असली, तरी एकटीच्या बळावर निवाडा होऊ शकत नाही. शोधाची कथा सांगताना उत्कंठा टिकविण्यासाठी नायक, प्रतिस्पर्धी व निर्णायक क्षण यांची गरज भासते. प्रत्यक्ष संशोधन मात्र अनेकांच्या मोजमापांवर, चुकांवर व देवघेवीवर उभे असते. श्रेयाचे वाटप लोकांच्या स्मरणात बहुधा शोधनिबंधांपेक्षा लोकप्रिय ग्रंथांवरून ठरते, म्हणून अशा ग्रंथांच्या लेखकावरील जबाबदारी मोठी असते. द डबल हेलिक्स आणि त्याला उत्तर म्हणून निर्माण झालेले ग्रंथ एकत्र वाचले असता, एकाच शोधाचा इतिहास अर्धशतकाहून अधिक काळ कसा दुरुस्त होत गेला याचे दर्शन घडते.