भाग 23 : अंभोऱ्याचा संगम नेमका कुठे आहे?

यावेळचा भाग घरच्याच वाटेवरचा आहे. मी मूळचा शहापूरचा, भंडाऱ्याच्या अलीकडचं, महामार्ग 53 वरचं, म्हणजे जुन्या सहा नंबरवरचं गाव. नोकरी नागपुरात, कोडिंगची. इतिहास हा रविवारचा उद्योग. तर अशाच एका रविवारी आत्याला घेऊन अंभोऱ्याला गेलो. सकाळी निघालो, संध्याकाळी परत.

अंभोरा म्हणजे पाच नद्यांचा संगम. वैनगंगा, कन्हान, आम आणि आणखी दोन लहान प्रवाह. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर. आता शेजारी केबलच्या आधारावर उभा असलेला पूल झालाय, 2024 मध्ये सुरू झाला, आणि रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते. पार्किंगचे पैसे, बोटीचे पैसे, मक्याचं कणीस, सेल्फी. बोटवाल्याने हात फिरवून सांगितलं, "हा बघा साहेब, पाच नद्यांचा निसर्गरम्य संगम."

आत्या म्हणाली, "कुठी हाय बाबू संगम? पानीच पानी हाय ना."

आजचा भाग या एका वाक्यावरच आहे.

आधी जुनी गोष्ट. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' हा परंपरेने मराठीतला आद्य ग्रंथ मानतात. शके 1110, म्हणजे 1188 सालचा, ज्ञानेश्वरीच्या शंभरेक वर्षं आधीचा. ग्रंथात वैन्यागंगेच्या काठच्या अंबानगरीचा उल्लेख आहे. ती अंबानगरी म्हणजे हेच अंभोरा, असं आपण विदर्भातले लोक छाती ठोकून सांगतो. मुकुंदराजांची समाधी मात्र अंबाजोगाईला दाखवतात, आणि तिकडची मंडळी त्या नदीच्या नावाचा अर्थ वेगळा लावतात. ग्रंथाच्या काळावरही अभ्यासकांमध्ये वाद आहेच. मला स्वतःला वैनगंगेचा पुरावा जड वाटतो, पण मी भंडाऱ्याचा, माझं मत पक्षपाती समजा.

आता नवी गोष्ट. मला ती जास्त महत्त्वाची वाटते. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते पवनीजवळ गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. मूळ अंदाज 372 कोटींचा. पुढे 2009 मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला आणि सुधारित खर्च गेला 18 हजार कोटींच्या वर. (आमच्याकडे एस्टिमेट दुप्पट झालं तरी मॅनेजर मीटिंग लावतो.) धरणाला 33 दारं, पूर्ण पाणीपातळी 245.50 मीटर. अडीच लाख हेक्टर भिजवायचं हे उद्दिष्ट, आणि धानाच्या शेतकऱ्याला पाण्याचं मोल काय असतं ते मी घरी पाहिलंय. धरण नकोच होतं, असं मी म्हणत नाही.

पण ते पाणी मागे सरकत सरकत अंभोऱ्यापर्यंत आलं आणि त्याच्याही वर गेलं. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली ऐंशीहून जास्त गावं पूर्ण बुडीत क्षेत्रात गेली. मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं आंदोलनं झाली, 2013 मध्ये सुमारे 1,200 कोटींचं विशेष पॅकेज द्यावं लागलं. आत्याचं सासर त्यातलंच एक, कुही तालुक्यातलं. आता ती पुनर्वसनाच्या गावठाणात राहते. सिमेंटचे रस्ते आहेत, नदी नाही.

म्हणजे बघा, बोटीतून जे दिसतं तो संगम नव्हेच. तो जलाशय आहे. संगम त्याच्या खाली आहे. आत्याच्या आठवणीत कन्हानचं पाणी वेगळ्या रंगाचं यायचं आणि वैनगंगेत बरंच अंतर बाजूबाजूने वाहायचं. उन्हाळ्यात रेती उघडी पडायची, त्यात डांगरवाड्या लागायच्या. शिवरात्रीच्या जत्रेला ढिवरांच्या डोंग्यातून पलीकडे जायचं. बोटीच्या माहितीत यातलं काहीच नव्हतं. फोटोला निळं पाणी आणि पूल पुरतो.

आणि पाणी निळं फक्त फोटोतच. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये येतं आणि कन्हानमधून इथे. काठाला जलपर्णी साचते. मी नागपुरात राहतो, तेव्हा त्या पाण्यात थोडा वाटा माझाही.

परतताना पुलावर थांबलो. आत्याने कठड्याला टेकून बोट दाखवलं, "त्या तिथी, तो पिंपळ होता ना, त्याच्या अंगाले आमचं घर." मला सपाट पाण्याशिवाय काही दिसलं नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "काकू, जरा बाजूला व्हा ना, फोटोत येताय." ती झाली बाजूला.

तुमच्यापैकी कुणाकडे अंभोऱ्याच्या जुन्या संगमाचे, रेतीचे, जत्रेचे फोटो असतील, अगदी लग्नाच्या अल्बममधले, तर पाठवा. आत्याला दाखवायचेत. पुढच्या भागात धरणाच्या भिंतीजवळचं पवनी, तिथले स्तूप आणि 1969-70 चं उत्खनन. भेटू.