यादीतले नाव

परिचारिका म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे हातात दिवा घेऊन रात्री रुग्णांच्या खाटांमधून फिरणारी फ्लॉरेन्स नाइटिंगेल उभी राहते. क्रिमियाच्या युद्धातले ते चित्र शाळेच्या पुस्तकांतून आपल्या घराघरांत पोचले आहे. परंतु याच नाइटिंगेलबाईंनी उतारवयात एका गोष्टीला कसून विरोध केला, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शिकलेल्या परिचारिकांची सरकारमान्य यादी करावी आणि त्या यादीत जिचे नाव असेल तिलाच नोंदणीकृत परिचारिका म्हणावे, ही ती गोष्ट. मनाचा चांगुलपणा परीक्षेत कसा मोजणार, आणि आज चांगली असलेली परिचारिका दहा वर्षांनी तशीच राहील हे यादी कशी सांगणार, असा त्यांचा सवाल होता.

सवाल खोटा नव्हता. पण लंडनमध्ये त्याला उत्तर देणारी दुसरी एक बाई निघाली. तिचे नाव एथेल. वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, 1881 साली, ती सेंट बार्थोलोम्यू या जुन्या रुग्णालयाची मेट्रन झाली. 1887 साली डॉक्टर बेडफर्ड फेनविक यांच्याशी विवाह झाल्यावर तिने ती जागा सोडली आणि त्याच वर्षी परिचारिकांची संघटना काढून नोंदणीसाठी चळवळ आरंभली. फेनविकबाईंचे म्हणणे सरळ होते. ज्या घरात आजारी माणूस आहे त्या घराने दारात आलेली बाई शिकलेली आहे की नाही हे ओळखायचे कसे? गणवेश तर कोणीही शिवून घेईल. तेव्हा नाव लिहिलेले असले पाहिजे, आणि ते कोणालाही पाहता आले पाहिजे.

हा वाद तीस वर्षांहून अधिक काळ चालला. मधल्या काळात न्यूझीलंडने 1901 साली तसा कायदा करून आघाडी मारली. इंग्लंडला मात्र पहिले महायुद्ध संपेपर्यंत जाग आली नाही. डिसेंबर 1919 मध्ये तिथे कायदा झाला, 1921 साली यादी उघडली, आणि तिच्यात पहिले नाव पडले ते फेनविकबाईंचे. एवढे झगडल्यावर हा मान त्यांनी दुसऱ्या कोणाला जाऊ दिला नाही, यात नवल ते काय!

येथवरची गोष्ट विजयाची आहे. पण ज्या वहीत नाव लिहिता येते, त्या वहीतून ते खोडताही येते. परिचारिकेच्या हाती आलेल्या या नव्या मानाबरोबर एक नवे भयही आले. नोकरी गेली तर दुसरी मिळते. यादीतले नाव गेले तर कष्टाने शिकलेली विद्याच मुकी होते. मग ते नाव कोणी, कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या रीतीने खोडावे? आणि ज्याचे नाव खोडायचे त्याच्या बाजूने बोलणारे कोणी असावे की नाही?

हा प्रश्न आधी डॉक्टरांच्या वाट्याला आला होता. इंग्लंडात एका डॉक्टरवर त्याच्याच दवाखान्यात एका स्त्रीवर अत्याचार केल्याचा खोटा आळ आला. त्याला शिक्षा झाली आणि आठ महिने तुरुंगात काढल्यावर माफी मिळाली. त्या धक्क्यातून 1885 साली डॉक्टरांनी ‘मेडिकल डिफेन्स युनियन’ ही संस्था उभारली. प्रत्येकाने थोडी वर्गणी द्यायची आणि एखाद्यावर बालंट आले की सर्वांच्या पैशाने त्याला वकील द्यायचा, अशी ती योजना.

परंतु संस्था माणसांच्याच असतात. सात वर्षे उलटली नाहीत तोच ही बचावासाठी जन्मलेली संस्था फिर्यादी झाली. टॉमस अ‍ॅलिन्सन हे लंडनमधले डॉक्टर शाकाहाराचे व कोंड्यासकट गव्हाच्या पावाचे कट्टर पुरस्कर्ते होते. औषधांवर ते तुटून पडत, इतर डॉक्टरांवर टीका करीत आणि आपल्या उपचारांची जाहिरातही करीत. युनियनच्या तक्रारीवरून 1892 साली वैद्यक परिषदेने त्यांचे नाव यादीतून काढले. ते न्यायालयात गेले, पण 1894 साली तिथेही हरले. व्यवसायाला काळिमा लावणारे वर्तन म्हणजे काय, तर त्याच व्यवसायातील चांगल्या नावलौकिकाच्या व जाणत्या लोकांना जे लाजिरवाणे वाटेल ते, असा त्या निकालाचा आशय. परिषदेपुढे काही पुरावा असेल तर न्यायालय त्यात हात घालणार नाही, हेही त्यात ठरले. याच धर्तीची भाषा पुढे हिंदुस्थानातल्या वैद्यकीय कायद्यांत उतरली.

या अ‍ॅलिन्सनची आपल्याशी आणखी एक गाठ आहे. हे प्रकरण घडले त्याच सुमारास लंडनच्या शाकाहारी मंडळातूनही त्यांना काढण्याचा ठराव आला होता. संततिनियमनाचा प्रचार करतात हा तिथला गुन्हा. त्या मंडळाच्या कार्यकारिणीत कायदा शिकणारा एक लाजाळू हिंदी तरुण होता. अ‍ॅलिन्सनचे ते मत त्याला पटत नव्हते. तरीही, मंडळ शाकाहारासाठी आहे, तेव्हा दुसऱ्या कारणासाठी माणूस काढणे गैर, असे त्याला वाटले. उभे राहून बोलण्याचे धैर्य होईना म्हणून त्याने आपले म्हणणे कागदावर उतरवले. तेही दुसऱ्याला वाचून दाखवावे लागले. ठराव अ‍ॅलिन्सनच्या विरुद्ध गेला. तो तरुण म्हणजे मोहनदास गांधी. 1914 साली लंडनमध्ये गांधीजी छातीच्या दुखण्याने आजारी पडले, तेव्हा यादीतून नाव गेलेल्या याच डॉक्टरांनी त्यांना तपासून पाव, फळे व कच्च्या भाज्यांचे पथ्य सांगितले होते. आत्मकथेत या दोन्ही गोष्टी आहेत.

जे मत आपल्याला मान्य नाही ते मांडणाऱ्यालाही नियमाबाहेर जाऊन काढू नये, हे त्या तरुणाने पकडलेले सूत्र परिचारिकांच्या कामी यायला आणखी बरीच वर्षे जावी लागली. ते घडले अमेरिकेत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1889 सालीच सांगितले होते की, परवान्यासाठी राज्याने पात्रता ठरवावी हे योग्यच. पण ज्याने तो मिळवला त्याच्याकडून तो मनमानीने काढून घेता येणार नाही. तत्त्व उत्तम होते, पण परिचारिकेच्या बाबतीत त्याचा कस 1976 साली लागला.

आयडाहो राज्यातल्या ट्विन फॉल्स गावी जोलिन टूमा या परिचारिका विद्यार्थिनींना शिकवीत असत. रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाची एक रुग्ण होती. डॉक्टरांनी केमोथेरपी सांगितली होती. औषध सुरू होण्याच्या वेळी ती बाई टूमांशी मन मोकळे करून बोलली. दुसरे काही उपाय आहेत का, म्हणून तिने विचारले. टूमांनी नैसर्गिक आहार, जर्दाळूच्या बियांपासून काढलेले लेट्रिल अशा गोष्टींविषयी तिच्याशी चर्चा केली, आणि तिच्या विनंतीवरून संध्याकाळी घरच्या मंडळींशीही बोलल्या. लेट्रिलने कर्करोग बरा होत नाही, हे पुढे तपासण्यांनी दाखवून दिले. टूमांनी औषध मात्र थांबवले नव्हते. घरच्यांकडून ही बातमी डॉक्टरांना कळली आणि रुग्णालयाने परिचारिका मंडळाकडे तक्रार केली. डॉक्टर आणि रुग्ण यांच्यामध्ये ही बाई आली, हे वर्तन व्यवसायास शोभणारे नाही, असे म्हणून मंडळाने त्यांचा परवाना सहा महिन्यांसाठी काढून घेतला.

टूमा खालच्या न्यायालयात हरल्या. पण वकिलामार्फत वर गेल्या. 1979 साली आयडाहोच्या सर्वोच्च न्यायालयाने मंडळाचा निर्णय रद्द केला. त्यांनी केले ते शहाणपणाचे होते की नाही, या वादावर निकाल उभा नव्हता. न्यायालयाने एवढेच पाहिले, की व्यवसायास न शोभणारे वर्तन हे शब्द कायद्यात आहेत, पण रुग्णाशी असे बोलणे त्यांत मोडते असा नियम मंडळाने कधी केलाच नव्हता. जे निषिद्ध आहे ते आधी सांगितलेले नसेल, तर त्यासाठी शिक्षा कशी देणार? अ‍ॅलिन्सनच्या काळी जाणत्यांना जे लाजिरवाणे वाटेल तेवढ्यावर भागत होते. आता ते आधी लिहून ठेवणे भाग झाले.

पण परिचारिकेने तोंड मिटून डॉक्टरांच्या शब्दाबाहेर न जाणे हाच सुरक्षित मार्ग, असे यावरून कोणी समजू नये. 1983 साली टेक्सास राज्यात एक निकाल लागला. छातीत कळ येणारा रुग्ण एका लहान रुग्णालयात आला. याला दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयात धाडा, असे डॉक्टरांनी सांगितले आणि कामावरच्या पुरुष परिचारकाने तसे केले. रुग्ण वाटेतच गेला. परिचारकाचा परवाना एक वर्षासाठी निलंबित झाला. डॉक्टरांची आज्ञा होती, हा त्याचा बचाव न्यायालयाने मानला नाही. परवाना तुझ्या नावाचा आहे, तेव्हा रुग्णाची स्थिती पाहून प्रथम त्याला सावरणे हे तुझे स्वतःचे कर्तव्य, असा त्याचा मथितार्थ. हा निकाल कठोर खरा. पण फेनविकबाईंनी जे मागितले होते त्याचाच तो दुसरा भाग म्हणावा लागेल. स्वतःच्या नावाने यादीत बसायचे, तर जबाबदारीही स्वतःच्या नावाची.

ही जबाबदारी पार पाडताना काय सोसावे लागते, हे त्याच टेक्सासातल्या विंक्लर काउंटीत 2009 साली दिसले. कर्मिट या लहानशा गावच्या रुग्णालयातल्या अ‍ॅन मिचेल व व्हिकिलिन गॅली या दोन अनुभवी परिचारिकांना एका डॉक्टरची उपचारपद्धती रुग्णांच्या दृष्टीने धोक्याची वाटली. त्यांनी राज्याच्या वैद्यक मंडळाला निनावी पत्र धाडले. त्यात रुग्णांची नावे न देता फक्त क्रमांक दिले. डॉक्टर तिथल्या शेरिफचे स्नेही. शेरिफसाहेबांनी संगणकाची झडती घेऊन पत्र लिहिणाऱ्यांचा छडा लावला. दोघींची नोकरी गेली, आणि सरकारी माहितीचा गैरवापर केला म्हणून दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकेल असा खटला उभा राहिला!

अशा वेळी गावातली एकटी बाई काय करील? पण त्या एकट्या राहिल्या नाहीत. टेक्सासच्या परिचारिका संघटनेने कायदेशीर बचावासाठी निधी उघडला आणि देशभरच्या परिचारिकांनी त्यात आपापल्या पगारातून पैसे टाकले. गॅलीबाईंवरचा खटला सुनावणीपूर्वीच मागे घेतला गेला. मिचेलबाईंचा खटला फेब्रुवारी 2010 मध्ये चालला. ज्यूरीने तासाभराच्या आतच त्यांना निर्दोष ठरवले. पुढे दोघींना मिळून साडेसात लाख डॉलरची भरपाई मिळाली, शेरिफला तुरुंग पाहावा लागला आणि डॉक्टरलाही शिक्षा झाली. तरीही तो खटला उभा असताना त्या दोन घरांवरून गेलेल्या रात्री कोणत्या भरपाईने परत येणार?

आता आपल्याकडे वळू. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1891 साली बाई काशीबाई गणपत यांनी परिचारिकेचे शिक्षण घेण्यास आरंभ केला, अशी नोंद परिचर्येच्या इतिहासात आढळते. 1908 साली अखिल भारतीय परिचारिका संघ निघाला. मुंबई इलाख्याने 1935 साली परिचारिका, सुईणी व आरोग्य-अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा केला. 1947 साली भारतीय परिचर्या परिषदेचा, 1966 साली महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, आणि 2023 साली संसदेने राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा संमत केला. यादी आली, तेव्हा तिच्यामागून तक्रार, नोटीस आणि चौकशी याही आल्याच.

आपल्या न्यायालयांनी नैसर्गिक न्यायाचे तत्त्व वेळोवेळी स्पष्ट केले आहे: ज्याचे चरितार्थाचे साधन काढून घ्यायचे त्याला आरोप कळला पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. म्हणून एखाद्या घरी अशी नोटीस आली, तर घाबरून त्याच रात्री कबुलीजबाब खरडून देऊ नये, आणि लाजेने ती कपाटात दडवूनही ठेवू नये. तक्रारीची व कागदपत्रांची प्रत मागावी, मुदत पाहावी, आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घेऊन मुदतीत उत्तर द्यावे. रुग्णाच्या कागदावर त्या त्या वेळी केलेली नोंद हा सर्वांत मोठा साक्षीदार. म्हणून ती रोजच नीट करावी आणि मागाहून तिच्यात कधीही फिरवाफिरव करू नये. वकिलाची फी परवडणार नाही म्हणून हातपाय गाळण्याचेही कारण नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, सरकारी खर्चाने वकिलाची मदत मागता येते. जिल्हा न्यायालयातच या प्राधिकरणाचे कार्यालय असते. आपल्याकडे परिचारिका बहुसंख्येने स्त्रियाच. पण आपल्यासाठी असा दरवाजा आहे हे त्यांतल्या कितीजणींना कोणी सांगितले असेल?

रुग्णाचे नुकसान करणाऱ्यालाही या मदतीने पाठीशी घालावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. दोषी हातांतून परवाना काढून घेणे हे रुग्णाच्या रक्षणासाठीच असते. परंतु दोष कोणाचा हे नीट ऐकल्यावाचून ठरत नाही. धसमुसळेपणाने एका परिचारिकेचे नाव खोडले, की बाकीच्या शंभरजणी चूक दिसली तरी बोलेनाशा होतात, आणि त्याची झळ शेवटी खाटेवरच्या माणसालाच लागते.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण घरोघर पणत्या लावून बसलेले असू, त्या वेळी गावोगावच्या रुग्णालयांत कोणाची तरी लेक, सून, बहीण रात्रपाळीवर असेल. पहाटे घरी आल्यावर तिच्यापुढे फराळाचे ताट ठेवाल, तेव्हा रात्र कशी गेली हे तिला जरूर विचारा. आणि तिने काही खुपणारे सांगितले, तर ते ऐकून घ्यायला जरा वेळ काढा.