विंडोजचं बिल्ड ‘फुटतं’ म्हणजे काय होतं? त्यावरून बांधलेले अंदाज किती खरे ठरतात?

जून २०२१. मायक्रोसॉफ्टने २४ तारखेला विंडोजबद्दल मोठी घोषणा करणार असल्याचं जाहीर केलं होतं, पण नव्या विंडोजचं नाव सांगितलं नव्हतं. निमंत्रणाच्या चित्रात खिडकीतून पडलेल्या उजेडाचे दोन उभे पट्टे होते आणि कार्यक्रमाची वेळ होती सकाळी ११ ची. तेवढ्यावरून ‘विंडोज ११’ येणार, असे तर्क सुरू झाले.

१५ जूनला तर्कांची गरजच उरली नाही. बायडू या चिनी संकेतस्थळावर आधी नव्या विंडोजचे स्क्रीनशॉट दिसले आणि पाठोपाठ इन्स्टॉल करता येईल अशी अख्खी फाईलच इंटरनेटवर पसरली. तिच्यावर नाव होतं विंडोज ११ आणि क्रमांक होता २१९९६.१.

बिल्ड म्हणजे काय?

ऑपरेटिंग सिस्टीम एका दिवसात तयार होत नाही. हजारो इंजिनीअर वेगवेगळ्या भागांवर काम करतात. त्या दिवसापर्यंतचं काम एकत्र करून जी चालवता येणारी आवृत्ती निघते, तिला बिल्ड म्हणतात. प्रत्येक बिल्डला चढता क्रमांक मिळतो. काम अनेक शाखांमध्ये सुरू असतं, त्यामुळे एका शाखेतली नवी गोष्ट दुसऱ्या शाखेच्या बिल्डमध्ये नसूही शकते.

म्हणून फुटलेलं बिल्ड खोटं नसलं, तरी ते कच्चं असतं. त्या दिवशी त्या शाखेत काय होतं, एवढंच ते सांगतं.

ते फुटतं कसं?

प्रकाशनाआधीची बिल्ड कंपनीचे कर्मचारी, कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्या आणि चाचणी करणारे भागीदार अशा अनेकांच्या हाती जातात. यातल्या कुठल्याही टप्प्यावर फाईल बाहेर पडू शकते. विंडोज ८ च्या काळात प्रकाशनाआधीचं सॉफ्टवेअर एका ब्लॉगरला पुरवल्याप्रकरणी मायक्रोसॉफ्टच्या एका माजी कर्मचाऱ्याला मार्च २०१४ मध्ये अमेरिकेत अटक झाली. गुन्हा कबूल केल्यावर त्याला ३ महिन्यांची शिक्षा झाली.

अंदाज किती खरे ठरले?

विंडोज ११ च्या बाबतीत वरवरचं जे दिसलं, ते खरं निघालं. मध्यभागी आलेला स्टार्ट मेनू, गोलसर कोपरे, विजेट्स हे सगळं पुढे अधिकृत आवृत्तीत आलं.

पण फुटलेल्या बिल्डमध्ये सेटिंग्ज आणि फाईल एक्सप्लोरर जुनेच होते. त्यामुळे ‘हे तर विंडोज १० लाच नवे कपडे चढवलेत’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. २८ जूनला चाचणीसाठी पहिलं अधिकृत बिल्ड आलं, त्याचा क्रमांक होता २२०००.५१. आकड्यात फरक जेमतेम चारचा, पण त्यात सेटिंग्ज आणि फाईल एक्सप्लोरर दोन्ही बदललेले होते.

याआधी अंदाज उलट्या बाजूनेही चुकले होते. २००२-०३ मध्ये ‘लाँगहॉर्न’ या सांकेतिक नावाची बिल्ड फुटली, तेव्हा फाईल साठवण्याच्या ‘विनएफएस’ या नव्या पद्धतीचा मोठा गाजावाजा झाला. ऑगस्ट २००४ मध्ये कंपनीने ती योजनेतून वगळली. लाँगहॉर्न पुढे विंडोज व्हिस्टा म्हणून आलं, त्यात विनएफएस नव्हतं.

हिंगोलीतल्या दुकानदाराचा यात काय संबंध?

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव किंवा औंढा नागनाथ इथल्या सेवा केंद्रात किंवा झेरॉक्सच्या दुकानात एकदा घेतलेला कॉम्प्युटर अनेकदा वर्षानुवर्षं वापरला जातो. अशा ठिकाणी स्टार्ट मेनू कुठे सरकला, याला फारसं महत्त्व नसतं. आपल्या मशिनवर नवं विंडोज चालेल का, हा खरा प्रश्न असतो.

नेमकं याच प्रश्नावर फुटलेलं बिल्ड भरवशाचं नव्हतं. अनेकांनी त्यातली तपासणी चुकवून ते जुन्या मशिनवर चालवून दाखवलं. प्रत्यक्षात ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर अशा अटी आल्या. इंटेलच्या बाबतीत आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर बाद झाले. प्रोसेसरची यादी खुद्द कंपनीनेही २७ ऑगस्टला सुधारली. म्हणजे जूनमधल्या फाईलवरून कोणी नवा कॉम्प्युटर घ्यायचं किंवा थांबायचं ठरवलं असतं, तर तो निव्वळ जुगार ठरला असता.

खरा धोका कुठे आहे?

जुलै २०२१ मध्ये कॅस्परस्की या सायबर सुरक्षा कंपनीने एका बनावट इन्स्टॉलरबद्दल इशारा दिला. फाईलच्या नावात फुटलेल्या बिल्डचाच क्रमांक होता, सोबत ‘ॲक्टिव्हेटर’ हा शब्द. आकार १.७५ जीबी, म्हणजे खरी वाटावी इतका. पण त्यातला बराचसा भाग निरुपयोगी माहितीने भरलेला होता. ती चालवली की दुसरा इन्स्टॉलर उतरायचा आणि नको ती सॉफ्टवेअर घुसवायचा.

सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये लोकांच्या आधारच्या प्रती, बँकेची कागदपत्रं, पासवर्ड असतात. अशी फाईल तिथे चालली, तर नुकसान एकट्या दुकानदाराचं होत नाही.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ब नुसार बेकायदा प्रत असल्याचं माहीत असताना ती कॉम्प्युटरवर वापरणं हा गुन्हा आहे. ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी शिक्षेची तरतूद आहे. वापर व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय सवलत देऊ शकतं.

मग नवं विंडोज आधी बघायचं असेल तर?

त्यासाठी सरळ मार्ग आहे. २०१४ पासून सुरू असलेल्या विंडोज इनसायडर प्रोग्राममध्ये मोफत नाव नोंदवलं, की चाचणीची बिल्ड थेट कंपनीकडून मिळतात. मात्र तीही कच्चीच असतात, त्यामुळे कामाच्या मशिनवर टाकू नयेत.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे जुन्या मशिनवर नवं विंडोज टाकून देणाऱ्या फाईलींचा मोह वाढू शकतो. मशीन पात्र आहे की नाही, हे मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे मोफत ॲप सांगतं. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर फोन करावा.