वत्सगुल्म ते वच्छोम : शब्द आटला की काय हरवते?

१/ संगणकाच्या भाषांनाही बोली असतात. १९५८ मध्ये जन्मलेल्या लिस्प या भाषेच्या दोन बोली पाहा. स्कीमचा १९९८ चा नियमग्रंथ सुमारे ५० पानांचा आहे. कॉमन लिस्पचा १९९४ चा हजार पानांहून मोठा. यांत आटोपशीर कोणती, वेगवान कोणती, हा वाद जुनाच. सगोत्र भाषांमधला हा पेच मात्र संगणकाहून फार प्राचीन आहे. त्याचा एक पुरावा वाशीमला सापडला.

२/ वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. १९३९ मध्ये येथे चार ताम्रपत्रे मिळाली. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याने राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेले हे ग्रामदान. काळ चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. त्यातील वंशावळ संस्कृतात आहे, तर दानाचा व्यवहारी मजकूर प्राकृतात.

३/ या भाषांच्या आकारात किती अंतर होते? ‘सांगतो’ या अर्थाचे एकच क्रियापद घेऊ. संस्कृत ‘कथयति’, शौरसेनी प्राकृत ‘कधेदि’, महाराष्ट्री प्राकृत ‘कहेइ’. व्यंजने मोजली तर चार, तीन आणि दोन. महाराष्ट्रीने स्वरांमधली व्यंजने गाळली, जोडाक्षरे मऊ केली. जीभ अडखळेनाशी झाली आणि शब्द गाण्याजोगा झाला. संस्कृत नाटकांत प्राकृत संवादांसाठी बहुधा शौरसेनी आणि गीतांसाठी महाराष्ट्री योजली जाई, ते यामुळेच शोभते.

४/ पण या वेगाची किंमत होती. महाराष्ट्रीत ‘मअ’ म्हटले, तर मूळ शब्द मत, मद, मय, मृग किंवा मृत यांपैकी कोणताही असू शकतो. पाच शब्द आटून एक झाले. काव्यात संदर्भ अर्थ सावरतो, श्लेषाला संधीही मिळते. दानपत्रात मात्र गाव कोणते, करमाफी कशाची, हे निःसंदिग्धच हवे. नाहीतर पुढच्या पिढीचा हक्क बुडेल.

५/ म्हणून ताम्रपटाची प्राकृत लक्षपूर्वक पाहावी. दान दिलेले गाव ‘आकासपद्द’, नांदीकड म्हणजे आजच्या नांदेडच्या उत्तर मार्गावरचे. संस्कृत ‘आकाश’ महाराष्ट्री काव्यात ‘आआस’ इतके विरघळते. येथे ‘श’चा ‘स’ झाला, पण ‘क’ शाबूत आहे. म्हणजे दानपत्राची प्राकृत संस्कृतापेक्षा सुटसुटीत आहे, तरी काव्यातल्या प्राकृताइतकी आटलेली नाही.

६/ याच राजाचा पिता सर्वसेन प्राकृत कवी होता. ‘हरिविजय’ हे काव्य त्याचे. एकाच घराण्यात वंशगौरवाला संस्कृत, व्यवहाराला सौम्य प्राकृत आणि रसाला तरल महाराष्ट्री चालत होती. कोणती भाषा श्रेष्ठ, याचे एकच उत्तर त्यातून निघत नाही; कोणत्या कामाला कोणती, याचे उत्तर मात्र मिळते.

७/ ‘वत्सगुल्म’ हे नावही या आटण्यातून सुटले नाही. त्याचे प्राकृतात ‘वच्छोम’ झाले. इसवी सन ९०० च्या सुमारास राजशेखराने ‘कर्पूरमंजरी’त ‘वच्छोमी’ या काव्यरीतीचा उल्लेख केला. वाकाटकांचे राज्य तोवर केव्हाच लयाला गेले होते. राजधानीचे आटलेले नाव मात्र कवींच्या जिभेवर टिकून राहिले.