क्ष-किरणांची नळी आणि कामगाराची छाती

"छातीचा फोटो काढला, त्यात काही निघाले नाही." दगडाच्या खाणीत किंवा खडीच्या क्रशरवर राबणाऱ्या माणसाला हे वाक्य केव्हा ना केव्हा ऐकावे लागते. त्यानंतर त्याच्या खोकल्याला व धापेला कोणी विचारीत नाही. फोटो हाच साक्षीदार ठरतो. तेव्हा हा साक्षीदार कसा घडला, हे आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ठाऊक असले पाहिजे.

क्ष-किरणांचे चित्र म्हणजे मुळात सावली. सावली स्पष्ट पडते की पुसट, हे दिव्यावर अवलंबून असते. हा दिवा सुधारण्याचा इतिहास सव्वाशे वर्षांहून अधिक आहे.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण सापडले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यासाठी त्या बाईंना सुमारे पाव तास हात स्थिर ठेवावा लागला. त्या काळची नळी मोठी लहरी होती. तिच्यात थोडी हवा उरलेली असे व त्या हवेवरच तिचे काम चाले. वापरता वापरता ती हवा शोषली जाई, मग विजेचा दाब वाढवावा लागे आणि किरण अधिक भेदक होत. काल ठळक चित्र देणारी नळी आज फिकट चित्र देई. मग नळी पारखायची कशी? चालवणारा आपलाच हात तिच्यापुढे धरी आणि चमकत्या पडद्यावर हाडे किती ठळक दिसतात ते पाही. दिवसातून कित्येकदा!

याची किंमत हातांनीच मोजली. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली हा काचकारागीर अशा नळ्या तपाशीत असे. त्याचे हात भाजले, सडले, कापावे लागले, आणि १९०४ साली तो वारला. हँबर्ग येथे १९३६ साली अशा बळींचे स्मारक उभारले, तेव्हा त्यावर १६९ नावे होती.

१९१३ साली अमेरिकेत विल्यम कूलिज यांनी नवी नळी केली. तिच्यातील हवा जवळजवळ सगळी काढून टाकलेली होती, आणि टंगस्टनची तापलेली तार इलेक्ट्रॉन पुरवीत होती. तार किती तापवायची त्यावरून किरणांचे प्रमाण ठरू लागले आणि विजेच्या दाबावरून त्यांची भेदकता. दोन गोष्टींच्या दोन कळा वेगळ्या झाल्या. हात पुढे धरण्याचे कारण उरले नाही.

पुढचा अडसर उष्णतेचा होता. नळीत खर्ची पडणाऱ्या शक्तीचा शंभरातला एक हिस्साही किरण होत नाही, बाकी सारी उष्णता होते. बारीक ज्योतीची सावली रेखीव आणि रुंद ज्योतीची पसरट, हे घरातल्या कंदिलावरूनही कळते. पण नळीतला ठिपका बारीक केला की धातू वितळे. १९२९ च्या सुमारास फिलिप्सने धार लावणाऱ्याच्या चाकासारखी फिरती तबकडी आणली. उष्णता तिच्या साऱ्या कडेवर वाटली गेली. बारीक ठिपक्यातून जोरदार प्रवाह सोडता येऊ लागला आणि चित्र निमिषात निघू लागले. धडधडत्या हृदयाशेजारच्या फुप्फुसाला हेच हवे होते.

आता कळा फिरवणाऱ्याकडे या. दाब कमी ठेवला तर बरगड्या पांढऱ्याशुभ्र उमटतात आणि मागचे फुप्फुस झाकतात. वाढवला तर बरगड्या विरळ होतात. पण शरीरात विखुरलेले किरण चित्र धूसर करतात, म्हणून मध्ये शिशाच्या पट्ट्यांची जाळी लागते. ती कल्पना गुस्टाव्ह बकी यांची, सालही १९१३ च. फिल्मवर किरण जास्त पडले तर ती काळी होते आणि धुळीचे बारीक ठिपके त्या काळोखात बुडतात. कमी पडले तर नसलेले ठिपके भासतात. आजच्या संगणकी चित्रात काळे-पांढरे सावरता येते, पण किरण कमी पडले असले तर दाणेदारपणा राहतोच.

म्हणूनच आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५० पासून धुळीच्या फुप्फुसरोगांच्या चित्रांचे वर्गीकरण घालून दिले. त्यात रोग वाचण्यापूर्वी चित्राचीच प्रत तपासतात. प्रतीच्या चार पायऱ्या आहेत, आणि शेवटच्या पायरीवरचे चित्र निकालाला अपात्र ठरते.

उत्तम चित्रालाही मर्यादा असते. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची अशी खास खूण क्ष-किरणांत उमटत नाही. तिथे श्वास मोजावा लागतो आणि कामगाराने किती वर्षे धूळ खाल्ली ते विचारावे लागते.

तेव्हा "काही निघाले नाही" असे सांगणाऱ्याला आपण नम्रपणे तीन प्रश्न विचारावेत. चित्राची प्रत कोणती होती? ते वाचले कोणी? आणि वाचणाऱ्याला या माणसाचे काम ठाऊक होते काय? डॉक्टरांवर अविश्वास दाखवण्याचा आमचा हेतू नाही. चांगला डॉक्टर हेच प्रश्न आधी स्वतःला विचारतो.